खोपोलीच्या गाडीतलं इंग्रजी

मला एक गोष्ट माहीत होती, आणि ज्याला ती कळायला हवी होती त्याच्यापासूनच मी ती लपवली. हे आजवर मी कोणाशी बोललेलो नाही. बायकोशी नाही, मुलींशी नाही, बँकेत वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्यांशी तर नाहीच. ऐकायला गोष्ट अगदी किरकोळ आहे. इंग्रजीच्या पेपरात एखादा प्रश्न अडला तर तो सोडून पुढे जायचं, एवढीच. पण तेवढ्यावरून एका माणसाची नोकरी हुकली, आणि तो माणूस माझा जवळचा होता. त्या दिवसांत तर तो एकटाच जवळचा होता.

आणीबाणी उठली त्यानंतरची ही वर्षं. मी बी. ए. झालो होतो, तेही मराठीतून आणि काठावर. आमचं गाव कर्जतच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. घरी भातशेती आणि दोन थोरले भाऊ. ते म्हणायचे, "शिकलास ना, मंग आता चिखलात कशाला उतरतोस?" हे ते मायेने म्हणायचे की टोमण्याने, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी कर्जतच्या भिसेगावात एका घराच्या मागच्या अंगाला खोली घेतली आणि खोपोलीजवळच्या शिळफाट्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाउनात कारकुनी धरली. ट्रक यायचे, माल उतरायचा, मी वजनं लिहायचो. दिवसभरात माझ्याशी जे काही बोललं जाई ते पोती, खोकी आणि ताडपत्रीबद्दल. संध्याकाळी खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा आणि तो शिजेपर्यंत भिंतीकडे बघत बसायचं. घरमालकीण चांगली होती, पण तिला कमी ऐकू यायचं. कधी कधी शनिवारी दुपारी गोडाउन सुटलं की सोमवारी सकाळपर्यंत मी एक शब्दही बोललेलो नसे, आणि सोमवारी पहिला शब्द काढताना घसा खाकरावा लागे.

बँकांच्या परीक्षा तेव्हा नव्या तऱ्हेच्या झाल्या होत्या. निबंध नाही, पत्रलेखन नाही. प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली, त्यातल्या एकावर पेन्सिलीने खूण करायची. असला पेपर आमच्याकडे कोणी बघितलेला नव्हता. गणिताला मी भीत नव्हतो. भीत होतो इंग्रजीला, आणि इंग्रजीतही त्या वाक्प्रचारांना. शब्द सगळे ओळखीचे, पाचवी-सहावीपासूनचे, आणि चार शब्द एकत्र बसले की अर्थ भलताच. एका वाक्याखाली चार रेघा असायच्या आणि चूक कोणत्या रेघेवर आहे ते ओळखायचं. मला तर चारही रेघांवर चूक दिसायची, नाहीतर एकीवरही नाही.

सकाळच्या खोपोलीच्या गाडीत मी गाइड उघडून बसायचो. मुंबईकडची गर्दी उलट्या बाजूला जायची. आमची गाडी निम्मी मोकळी असे. एके दिवशी समोरच्या बाकावरून आवाज आला.

"काय रं, तोंड हलतंय नि आवाज नाय. जप करतो काय?"

मी गाइडाचं कव्हर दाखवलं.

"मंग आपन दोगं एकाच देवाचे," असं म्हणून त्याने पिशवीतून तेच गाइड काढलं. त्याचं माझ्यापेक्षा जास्त विटलेलं होतं.

तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात टाइमकीपर होता. कर्जतला बौद्धवाड्यात आई आणि धाकटा भाऊ यांच्याबरोबर राहायचा. वडील रेल्वेत गँगमन होते, ते लवकर गेले. मी त्याला दादा म्हणायला लागलो. कधीपासून ते आठवत नाही. त्याच्याआधी मी परक्या कोणाला दादा म्हटलं नव्हतं.

दादाला इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ येत होतं, आणि ते त्याने एकट्याने मिळवलेलं होतं. त्याची एक रीत होती. एका वाक्प्रचाराचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गाइडातला अर्थ पाठ झाला म्हणजे निकाल लागला असं तो मानत नसे. तो वाक्प्रचार आपल्या इकडच्या एखाद्या गोष्टीला लावून दाखवायचा, त्याचं वाक्य करायचं, कोणता शब्द त्याच्या मागे येतो आणि कोणता येत नाही ते सांगायचं, आणि दुसऱ्याने मान हलवली की मग पुढचा. "अर्थ पाठ केला तर तो पावना झाला," तो म्हणायचा. "जेवला की जातो. घरातला करायला पायजे."

ही रीत त्याला शाळेत लागली होती. कोणी गुरुजी गणित सुटेपर्यंत फळ्यासमोर उभं ठेवायचे आणि ते सुटल्याशिवाय पुढचं गणित बघूही द्यायचे नाहीत. बाकीची पोरं रडायची, हा उभा राहायचा. शाळा सुटली तरी उभा. "मंग सुटायचं," तो सांगे. "सुटतं रं. आपन हलायचं नाय, मंग तेच हलतं."

कर्जत सुटलं की पहिला वाक्प्रचार घ्यायचा. कधी पळसदरीलाच निकाल लागे, कधी केळवली, डोलवली, लौजी सगळं मागे पडून गाडी खोपोलीत शिरे, डोंगरावरून उतरणारे वीजघराचे जाड नळ दिसायला लागत, आणि आम्ही अजून त्याच एकावर. मग दादा तो संध्याकाळच्या गाडीला न्यायचा. मला ते फार आवडायचं. दिवसभर वजनं लिहिताना डोक्यात काहीतरी अर्धवट असायचं आणि ते पुरं करायला कोणीतरी संध्याकाळी स्टेशनवर थांबलेलं असायचं.

‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’चा दिवस मला पक्का आठवतो. केळवलीला भाजीच्या पाट्या घेऊन चढणारी एक म्हातारी होती, ती आमच्या बाकाजवळ खालीच बसायची. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "काय रं पोरांनो, सकाळधरनं मांजराचं काय लावलंय?"

दादा म्हणाला, "मावशे, इंग्रजीत पोत्यातलं मांजर भाईर काढलं म्हंजे गुपित फुटलं."

"आँ? पोत्यातलं मांजर कसलं गुपित? माजं मांजर नदीपल्याड सोडाया नेलं होतं पोत्यात घालून. आख्ख्या गावाला कळलं. वरडतंच की ते!"

"तुमचं देशी हाय, मावशे. सायबाचं मांजर वरडत नाय."

"मंग मेलेलं आसंल," म्हातारी म्हणाली, आणि अख्खा डबा हसला. दादाने माझ्याकडे बघून गंभीरपणे मान हलवली, म्हणजे निकाल लागला. पुढे परीक्षेत तो वाक्प्रचार आला असता तर मी झोपेतही सोडवला असता. आला नाही.

रविवारी मी त्याच्या घरी जायला लागलो. त्याची आई भाकरी थापता थापता बोलायची. "खा रं बाबा, सुकला किती," असं म्हणून ताटात सुकटीची चटणी वाढायची. तिच्या हातचं मी जेवतो हे मी आमच्या गावी सांगितलं नव्हतं. हेही इथेच सांगून टाकतो. दादाने ते कधी विचारलं नाही. विचारण्याची गरज नसावी. एकदा तो आमच्या गावाकडे यायला निघाला होता, सहजच, नदीवर जाऊ म्हणून, तर मी काहीतरी कारण काढलं. तो म्हणाला, "बरं बरं," आणि आम्ही गाइड उघडलं.

त्या वर्षी जाहिरात आली. आम्ही दोघांनी अर्ज भरले. त्याची ती शेवटची संधी होती. पुढच्या जाहिरातीपर्यंत त्याचं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. हे तो एकदाच बोलला, तेही हसत. "आता सायब हो, नाय तर टाइम राख लोकांचा." कारखान्यात त्याच्यावर खूश कोणी नव्हतं. उशिरा आलेल्याला तो उशिरा आलेलाच लिहायचा.

आता जे सांगायचं आहे ते.

आमच्या गोडाउनात कल्याणचा एक ड्रायव्हर यायचा. त्याच्या बोलण्यात आलं की कल्याणला रविवारी एक निवृत्त अधिकारी बँकेच्या परीक्षेचा वर्ग घेतात. मी दादाला न सांगता गेलो. पहिल्यांदा ठरवून लपवलं असं नाही. बघू तर खरं, मग सांगू, असं होतं. दादाला सांगितलं, कापणी आहे, गावी जातोय.

वर्ग म्हणजे शाळेची एक खोली. सगळी मुलं शहरातली, एकमेकांना ओळखणारी. माझ्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. सरांनी टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं, पेपर वाटले आणि गजर लावला. मी पहिलं वाक्य घेतलं, दादाच्या रीतीने नीट उलटंपालटं केलं, मग दुसरं. सातव्याला अडलो. तिथेच होतो तोवर घड्याळ खणखणलं.

सर माझ्यापाशी आले. "बाकीचे?"

"सातवं सुटत नव्हतं, सर."

"मग सोडून द्यायचं."

"सोडवत नाही, सर."

"सोडवत नाही म्हणजे? लग्न लागलंय का तुझं त्याच्याशी?"

वर्ग हसला. मीही हसलो, कान तापलेले असताना माणूस हसतो तसा. मग त्यांनी फळ्याशी जाऊन सगळ्यांना समजावलं. पेपर इतका लांब असतो की पुरा कोणाचाच होत नाही, तो मुद्दामच तसा काढतात. अवघडालाही तेवढेच मार्क आणि सोप्यालाही तेवढेच. तेव्हा येतं ते करत पळायचं, अडलं तिथे क्षणभरही उभं राहायचं नाही, शेवटी वेळ उरला तर मागे यायचं. "पंडित नापास होतात यात," ते म्हणाले. "दरवर्षी बघतो मी. एका वाक्यापाशी बसून राहतात."

मला त्याच वेळी दादा दिसला. फळ्यासमोर उभा असलेला. हे मी नंतर जोडलेलं नाही, त्याच वेळी दिसला. म्हणून तर मला कोणतीच पळवाट नाही.

तीन-चार रविवार गेलो. हात सुटला. सोडून पुढे जायला मी शिकलो, आणि मला ते फार लवकर जमलं. मार्क वाढायला लागले. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हा कर्जतकडचा बघा." त्या दिवशी येताना मी खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होतो, आणि हे सांगायला जगात एकच माणूस होता आणि त्यालाच सांगता येत नव्हतं.

का सांगितलं नाही? याची उत्तरं मी वर्षानुवर्षं तयार करत आलोय. जागा पुष्कळ होत्या. तो लागला असता तर माझी जागा जाणार होती असं काही नव्हतं. खरं कारण एवढंच की या एका बाबतीत मला त्याच्यापुढे असायचं होतं. सगळं मला त्याने शिकवलेलं. मला स्वतःचं असं काही हवं होतं. आणि दुसरं कारण जास्त ओंगळ आहे. मी मनात म्हणायचो, त्याला काय, त्याला सवलत आहे, त्याचं कसंही होईल. आमच्या गावात असं बोलताना ऐकलेलं होतं, तेच माझ्या मनात येऊन बसलं. त्याच्या तोंडावर मी ते कधी बोललो नाही. पण त्या वाक्यावर डोकं टेकून मी झोपत होतो.

नुसता गप्प राहिलो असतो तर आज कदाचित इतकं लिहायला बसलो नसतो. परीक्षेला थोडेच दिवस राहिले असतील. सकाळच्या गाडीत ‘फाइट शाय ऑफ’ निघाला. म्हणजे एखादी गोष्ट टाळणं, तिच्यापासून अंग चोरणं. दादाला तो पटेना.

"भांडन हाय, लाज हाय, नि अर्थ म्हने टाळनं. ह्यात टाळनं कुठनं आलं रं?"

डोलवली गेली. लौजी गेली. तो स्वतःच म्हणाला, "ह्याला ऱ्हाऊ दे काय? लय बाकी हायेत अजून. आसंच एकेकावर बसलो तर पेपरात कसं व्हायचं?"

त्याच्या तोंडून ते आपोआप आलं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नको दादा. निकाल लागल्याशिवाय कसं सोडायचं? आपली रीत आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला बरं वाटलं. ते मला दिसलं. शिष्याने गुरूला धडा म्हणून दाखवावा तसं त्याला वाटलं असणार. "खरं हाय तुजं," तो म्हणाला. "एकदा सोडायची सवय लागली तर काय ऱ्हायलं मंग." आणि संध्याकाळी गाडीत त्याने तो सोडवला. एक कुत्रं होतं म्हणे कारखान्याच्या फाटकावर, अंगावर यायचं नाही आणि वाटेतूनही हटायचं नाही, लांबूनच कडेकडेने जायचं. त्याला लावून दाखवला. मी मान हलवली.

परीक्षा ठाण्याला एका शाळेत होती. आम्ही बरोबर गेलो. आमच्या खोल्या वेगळ्या होत्या. मी पळत गेलो, अडलं ते टाकत गेलो, शेवटी मागे येऊन आणखी काही प्रश्न सोडवले. बाहेर आलो तर दादा फाटकाजवळच्या नळावर तोंड धूत होता. कितीतरी वेळ धूत होता.

"इंग्रजी निम्मं ऱ्हायलं माजं," तो म्हणाला. "पन केलं तेवडं पक्कं. एकसुदीक चुकायचं नाय. तुजं?"

"माझंही तसंच," मी म्हणालो.

"मंग काय हरकत नाय. सगळ्यांचंच तसं आसनार." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. परत येताना तो एकेक प्रश्न आठवून सांगत होता आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर होतं. मी दोन-तीन चुकवले होते ते मला तिथे कळलं.

माझं झालं. त्याचं झालं नाही.

पेढे घेऊन मी त्याच्या घरी गेलो. न जाणं जास्त दिसलं असतं. त्याची आई दारात उभी होती, तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. दादा आतून ओरडला, "या, सायेब! आता आमाला वळख द्याल का नाय?" तो खरंच खूश होता. त्याच्या चेहऱ्यावर मी दुसरं काही शोधत होतो, ते असतं तर मला सोपं गेलं असतं.

आई म्हणाली, "ह्याचं आता वय सरलं म्हनतो."

मी म्हणालो, "मावशी, त्याला वयाची सूट असेल की. सवलत असते."

दादाने पेढा अर्धा मोडला होता. "कसली सवलत रं? ती राज्याच्या नोकरीला. बँक पडली दिल्लीची. दिल्लीच्या हिशेबी आमी बौद्ध झालो तवाच सवलतीतनं गेलो."

मला हे माहीत नव्हतं. खरोखर नव्हतं. मी म्हणालो, "पण... जुन्या जातीचं नाव लावतात की लोक. तसा दाखला काढतात."

तो काही बोलायच्या आत आईच बोलली. आवाज चढवला नाही. "ह्याच्या बापानं ते नाव टाकलं तवा ह्यो पोटात व्हता. माज्या घरात ते परत कुनी लिवायचं नाय. नोकरी नाय तर नाय."

"हा बग," दादा म्हणाला, "आमच्या घरचा कायदा." आणि हसला, आणि राहिलेला अर्धा पेढा त्याने भावाच्या हातावर ठेवला.

म्हणजे ज्या वाक्यावर डोकं टेकून मी झोपत होतो ते खोटं होतं. तो माझ्यासारखाच उघड्यावर उभा होता, माझ्यापेक्षा वयाने मोठा, आणि त्याच्यापाशी होतं ते सगळं त्याने मला दिलेलं होतं. मी पाणी मागितलं. पाणी पिऊन निघालो.

मुंबईला रुजू व्हायच्या दिवशी तो कर्जत स्टेशनवर आला. मेल थांबली होती, घाटासाठी मागे इंजिन जोडत होते, वडेवाले खिडक्या वाजवत होते. माझी गाडी दुसऱ्या बाजूची. तो म्हणाला, "तू सुटलास. आता सकाळच्या गाडीत मी कुनाशी बोलू?" गमतीतच म्हणाला. मी त्यावर काहीतरी गमतीतच बोललो. मला तेव्हा फक्त माझंच एकटेपण दिसत असे. मी भेटण्याआधी त्याचंही तसंच होतं, समोरच्या बाकावर गाइड घेऊन कोणी बसलेलं दिसलं म्हणून तर तो बोलला होता, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

बँकेत एवढ्या वर्षांत ते वाक्प्रचार कोणी वापरले नाहीत. आमच्या मसुद्यांत ‘विथ रेफरन्स टू’ आणि ‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड’ यापलीकडे काही लागत नाही. कुठल्याशा बदलीच्या गावी, भाड्याच्या खोलीत, मी कधी कधी एखादा मनात घ्यायचो आणि त्याच्या रीतीने लावून बघायचो. लागायचा. मान हलवायला समोर कोणी नसे. साहेब लोक म्हणत, तुमचं इंग्रजी पक्कं आहे हो. मी "हो" म्हणायचो. कोणी शिकवलं असं विचारलं तर म्हणायचो, असंच, वाचून.

पाच-सहा वर्षांनी तो माझ्या शाखेत आला. धाकटा भाऊ बरोबर होता. दादाचे केस कानांवर पांढरे झाले होते. कारखान्यात तेव्हा टाळेबंदी चालू होती, तो शिळफाट्याला एका दुकानात बसत होता. भाऊ त्याच परीक्षेला बसणार होता. मी चहा मागवला.

दादा म्हणाला, "ह्याला काय सांगायचं ते तू सांग. मी सांगितलं तर माज्यासारखा व्हायचा. माजं कुठं चुकलं ते मला अजून कळलं नाय. येत तर सगळं होतं."

मी त्या मुलाकडे बघून बोललो. दादाकडे बघवत नव्हतं. म्हणालो, पेपर लांब असतो, पुरा होत नाही. अडलं की सोड. पळत राहा. शेवटी मागे ये. मुलगा मान डोलवत होता.

दादाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हे तुला कवा कळलं रं?"

काउंटरवर लोक होते. पंखा चालू होता. त्याने रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं, जसं तो प्रत्येक गोष्टीचं कळून घ्यायचा.

"बँकेत आल्यावर," मी म्हणालो. "इथे लोकांच्या बोलण्यातून."

"हां," तो म्हणाला. "मंग तवा तुला तरी कसं कळनार." आणि चहा संपवला.

भाऊ लागला. पहिल्याच फेरीत. दादा पुन्हा एकदा आला, या वेळी एकटाच, तांदळाची पिशवी घेऊन. आईने पाठवला होता. मी घेत नव्हतो. तो म्हणाला, "घे रं. तुज्यामुळं झालं त्याचं." माझ्या बायकोने त्याला जेवायला थांबवलं. जेवताना तो तिला सांगत होता की आम्ही खोपोलीच्या गाडीत कसा अभ्यास करायचो, आणि मी किती चिवट होतो, एक वाक्प्रचार सोडायला कबूल नसायचो. "मी सोडू म्हनायचो," तो म्हणाला, "पन ह्यो सोडायचा नाय." ती हसली. मी ताटातला भात कालवत राहिलो. तो गेल्यावर ती म्हणाली, किती चांगला माणूस आहे, आपण एकदा जाऊ या त्यांच्याकडे. मी म्हणालो, जाऊ.

गेलो नाही. बदल्या झाल्या हे खरं, पण कारण ते नव्हे. त्याची आई वारली ते मला भावाकडून उशिरा कळलं. तेव्हाही पत्र पाठवलं, गेलो नाही. दादा आता खोपोलीला राहतो. माझ्या घरून गाडीने दोन तासांचा रस्ता आहे. तब्येत बरी आहे असं भाऊ सांगतो, आणि विचारत असतात तुम्हाला, असंही सांगतो.

त्याला कधी शंका आली की नाही, मला माहीत नाही. आली असली तर त्याने ती माझ्यासमोर आणली नाही, आणि नसली तर गेली इतकी वर्षं तो आपल्याच डोक्याला दोष देत आला आहे. दोन्हींतलं काय जास्त वाईट हे मी ठरवू शकलेलो नाही.

त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की परीक्षेच्या आधीच मला माहीत होतं, आणि तू सोडू म्हणालास तेव्हा मी तुला थांबवलं. एवढं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.